नवा साज आणि जुना टाका



या व्याख्यानमालेच्या चालकांचे निमंत्रण आम्हांला लातुरास आले, तेव्हा 'विषय आपल्या आवडीचा निवडावा' असे त्यांनी मोठ्या उदारपणे लिहिले होते. लातूरकराने नांदेडात येऊन बोलायचे म्हटले की आयुक्तालय कोणाच्या गावी असावे हा विषय ओठांवर येतोच. पण त्या वादात हा वसंत ऋतू फुकट जाईल, म्हणून तो आम्ही सोडून दिला. संतवाङ्मयावर आमच्यापेक्षा अधिकारी माणसे व्यासपीठांवरून नित्य बोलत असतात. इतिहासात आमची गती बेताची. तेव्हा आवडीचा म्हणजे खरोखरच आवडीचा विषय आम्ही कळवला. पोशाख रचण्याच्या आणि शिवण्याच्या स्पर्धेचा एक अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रम आहे, त्याचे नाव 'प्रोजेक्ट रनवे'. त्याला २०२५ साली पुन्हा एकदा नवा साज चढवण्यात आला. त्या नव्या साजाविषयी एका चाहत्याला काय वाटते, ते आज सांगावयाचे आहे. चालक सभ्य गृहस्थ. त्यांनी नकार दिला नाही. "श्रोत्यांत वडीलधारी मंडळी असतात," एवढी आठवण मात्र त्यांनी करून दिली.

त्या वडीलधाऱ्यांना आम्ही प्रारंभीच अभय देतो. हा विषय दिसतो तितका परका नाही. ज्याने आपल्या घरात कधी पायाने चालणाऱ्या शिलाई मशीनचा आवाज ऐकला आहे, त्याला यातले निम्मे आधीच ठाऊक आहे. उरलेले निम्मे आम्ही सांगतो.

प्रथम खेळ कसा चालतो ते पाहू. पंधरा-सोळा स्पर्धक एकत्र आणतात. सारे शिवणाऱ्या जातीचे, म्हणजे ज्यांची जात कातर आणि सुई हीच आहे असे. दर भागात त्यांना एक कोडे घालतात. कधी पावसाळी पोशाख करा म्हणतात, कधी लग्नातला, तर कधी कापडाशिवाय इतर कशाचाही. मग कागदावर आकृती काढायला थोडा वेळ, कापडाच्या दुकानात मोजके पैसे आणि मोजकी मिनिटे, आणि त्यानंतर शिवणघर. पुष्कळदा एका दिवसात सारा पोशाख बेतायचा, कापायचा, पुतळ्यावर चढवायचा, शिवायचा आणि दुसऱ्या दिवशी तो चालत्या-बोलत्या माणसाच्या अंगावर घालून परीक्षकांपुढे न्यायचा. परीक्षक उलटसुलट करून पाहतात, शिवण तपासतात, अस्तर तपासतात. एक जिंकतो, एक घरी जातो. शेवटी जे तीन-चार उरतात, त्यांनी आपल्या पोशाखांचा पूर्ण संच मांडायचा आणि त्यांतून विजेता ठरायचा.

१ डिसेंबर २००४ रोजी 'ब्राव्हो' या वाहिनीवर हा कार्यक्रम सुरू झाला. हायडी क्लुम ही सूत्रधार. टिम गन हे न्यूयॉर्कच्या पार्सन्स विद्यालयातले अध्यापक. ते शिवणघरात फिरून स्पर्धकांना मार्गदर्शन करीत. मायकेल कोर्स आणि नीना गार्सिया हे परीक्षक. पहिल्याच भागातले कोडे असे होते की, किराणा-भाजीपाल्याच्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूंतून पोशाख करा! आपल्या गंजगोलाईतल्या एखाद्या दुकानात कोणाला सोडून 'साडी घेऊन बाहेर ये' असे सांगावे, तसलाच हा प्रकार. ऑस्टिन स्कार्लेट नावाच्या तरुणाने मक्याच्या कणसावरची पाने घेतली, ती एकाला एक जोडली आणि त्यांचा असा झगा केला की पाहणारे थक्क झाले. तो भाग त्यानेच जिंकला. आमच्या मराठवाड्यात ती पाने आम्ही बैलापुढे टाकली असती. आता बैलाला अन्न मिळाले असते हेही खरेच. पण कोणतीही वस्तू टाकाऊ ठरवण्याआधी तिच्याकडे एकदा पुन्हा पाहावे, हा धडा त्या मुलाने आम्हांला दिला.

येथून आमचे चाहतेपण सुरू झाले. परंतु ते इतक्यावर थांबले असते तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. त्याचे खरे कारण घरातले आहे.

आमची आई लातुरात गोलाईपासून जवळच एका गल्लीत लोकांचे कपडे शिवून देत असे. पायमशीन होते, ते खिडकीशी. लग्नसराई आली की खिडकीतला कंदील रात्री उशिरापर्यंत विझत नसे. पोलकी, परकर, मुलींचे झगे, क्वचित एखादा कुडता. एकदा एक बाई खणाचा तुकडा घेऊन आल्या. तुकडा चार बोटे आखूड. दुसरा कोणी असता तर परत पाठवता. आईने तो जमिनीवर पसरला, खडूने दोनदा खुणा केल्या, दोनदा पुसल्या आणि तिसऱ्यांदा उरेब कापून काठाचाच एक तुकडा काखेत अशा बेताने बसवला की, ती तूट आहे असे कोणाला वाटू नये, मुद्दाम केलेली नक्षी वाटावी. आम्ही शेजारी बसून गृहपाठ करीत होतो. गृहपाठ राहिला आणि आम्ही तेच पाहत राहिलो. दुसऱ्या दिवशी त्या बाई आल्या, पोलके उलटेसुलटे पाहिले, पसंत पडले. मग शिलाईचा आकडा ऐकून म्हणाल्या, "घरी बसल्या बसल्या तर शिवता काकू, त्याला एवढे पैसे कशाचे हो?"

आईने चार आणे सोडून दिले. त्या गेल्यावर ती इतकेच बोलली, "उसवलेलं लोकांला दिसतंय बाळा, शिवलेलं कुणाला दिसत न्हाई."

हे वाक्य आमच्या मनात अनेक वर्षे पडून होते. पुढे आमच्या घरातील मुलांनी हा परदेशी कार्यक्रम लावला, आणि आम्ही सहज म्हणून त्यांच्या मागे उभे राहून पाहू लागलो. पडद्यावर एक प्रौढ बाई कापड आखूड पडले म्हणून कपाळाला हात लावून उभ्या होत्या. जवळ टिम गन आले. त्यांनी कोणतीही युक्ती सांगितली नाही. फक्त विचारले की, आता तुम्ही काय करणार आहात? मग त्या बाईंनी कापड पुन्हा पसरले, फिरवले आणि तिरके कापले. खडू, खूण, पुसणे, पुन्हा खूण. ते सगळे तेच होते. फरक एवढाच की त्या बाईंकडे कॅमेरा पाहत होता आणि आमच्या आईकडे कोणी पाहत नव्हते. त्या दिवशी आम्हांला पहिल्यांदा वाटले की, शिवलेलेही लोकांना दिसू शकते. दाखवणारा मात्र पाहिजे.

श्रोतेहो, या कार्यक्रमाचा मोठेपणा आम्ही यात मानतो. नाहीतर पोशाखाचा झगमगाट आपण काही नव्याने पाहत नाही. बालगंधर्वांचे शालू आणि ते नेसण्याची त्यांची तऱ्हा पाहून त्या काळच्या घरंदाज स्त्रिया तशाच नेसू लागल्या होत्या, हे आपण वडिलांच्या तोंडून ऐकलेले आहे. म्हणजे नाटकाच्या रंगमंचावरून वेशभूषेची लाट घराघरांत पोचण्याचा प्रकार महाराष्ट्राला शंभर वर्षांचा परिचित आहे. पण त्या शालूंची आठवण निघते तेव्हा ते कोणी विणले, कोणाच्या हाताने त्यांचे काठ जुळले, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही.

जवळचेच उदाहरण घ्या. ज्या २००४ साली अमेरिकेत हा कार्यक्रम सुरू झाला, त्याच साली आपल्या मराठी वाहिनीवर 'होम मिनिस्टर' सुरू झाला. आदेश बांदेकर घरोघर जात, वहिनींशी गप्पा मारत, खेळ खेळवत आणि जिंकणारीला पैठणी देत. या कार्यक्रमाने पैठणीला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात पुन्हा मानाचे स्थान दिले, हे आम्ही कृतज्ञतेने म्हणतो. २०२२ साली त्यालाही नवा साज चढला. 'महामिनिस्टर' असे नाव झाले आणि बक्षिसाची पैठणी अकरा लाख रुपयांची झाली. किंमत वाढली, सोने आले, जिल्ह्याजिल्ह्यांतून स्पर्धा झाली. परंतु दोन्ही रूपांत एक गोष्ट तशीच राहिली. पैठणी हे बक्षीस होते. पैठणी विणणारा त्या खेळातला स्पर्धक नव्हता. तो खेळच तसा नव्हता, हे आम्हांला मान्य आहे. म्हणून ही तक्रार नव्हे. केवळ फरक लक्षात यावा म्हणून सांगितले. ज्या पैठणला आपण मराठवाड्याचे भूषण मानतो, तेथला कारागीर मागावर कसा बसतो, एका पदराला त्याचे किती दिवस जातात, कोणता मोर त्याने स्वतः योजला, या गोष्टींची चुरस आपण अजून पडद्यावर पाहिलेली नाही. आपल्याकडे वस्त्र हे बक्षीस असते. तिकडे वस्त्र करणारा नायक झाला.

आता नव्या साजाकडे वळू. साज चढवणे ही या कार्यक्रमाला नवी गोष्ट नाही. वीस वर्षांत तो तीनदा घर बदलून चौथ्या संसाराला लागला आहे. पहिली पाच पर्वे ब्राव्होवर झाली. मग कोर्टकज्जा होऊन २००९ साली तो 'लाइफटाइम' वाहिनीवर गेला. तेथे २०१७ पर्यंत राहिला. २०१८ साली हायडी क्लुम आणि टिम गन दोघेही निघून गेले आणि २०१९ च्या मार्चमध्ये कार्यक्रम पुन्हा माहेरी, म्हणजे ब्राव्होवर, परतला. या वेळी कार्ली क्लॉस सूत्रधार झाल्या आणि टिम गन यांच्या जागी ख्रिश्चन सिरियानो आले. हे सिरियानो म्हणजे चौथ्या पर्वाचे विजेते. २००८ साली जिंकले तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेले. ज्या शिवणघरात शिष्य म्हणून घाम गाळला, त्याच शिवणघरात अकरा वर्षांनी गुरू म्हणून उभे राहिले. आपल्याकडे गायकांच्या घराण्यांत असे घडते. शिंप्यांच्या घराण्यातही घडते, पण त्याची नोंद कोणी ठेवत नाही. शेवटी ३१ जुलै २०२५ रोजी एकविसावे पर्व 'फ्रीफॉर्म' या वाहिनीवर सुरू झाले. हायडी क्लुम परत आल्या, सिरियानो राहिले, नीना गार्सिया पहिल्या दिवसापासून आहेत त्या आहेतच, आणि लॉ रोच हे नवे परीक्षक आले. फिलिपिन्समध्ये जन्मलेल्या व्हीजे फ्लोरेस्का या पर्वाच्या विजेत्या ठरल्या.

या बदलांतले काही बदल आम्हांला मनापासून आवडले. सर्वांत चांगला बदल २०१७ च्या पर्वातला. तोवर पोशाख घालून चालणाऱ्या मुली एकाच मापाच्या असत, वेताच्या छडीसारख्या. त्या पर्वात प्रथमच लहान-मोठ्या सर्व मापांच्या मुली आणल्या आणि स्पर्धकांची त्रेधा उडाली. काहींनी तर तक्रारच केली. आम्ही मात्र इकडे बसून हसलो. कारण नांदेडच्या वजिराबादेतला किंवा लातूरच्या गोलाईतला शिंपी जे पहिल्या दिवसापासून करतो, तेच करायला या मंडळींना एवढा काळ लागला. आपल्या शिंप्याने कधी गिऱ्हाइकाला सांगितले आहे का, की "तुमचं माप मोठं आहे, माझी कला त्यात बसत नाही"? तो मापपट्टी काढतो, पोट आत ओढून उभ्या राहिलेल्या गृहस्थाला "श्वास सोडा भाऊ" म्हणतो आणि खरे माप लिहून घेतो. या बदलाने कार्यक्रम खऱ्या शिलाईच्या जवळ आला. म्हणून तो बदल आम्हांला सुधारणा वाटतो.

एकविसाव्या पर्वाबद्दल मात्र आमचे मन तितके प्रसन्न नाही. हायडी क्लुम परत आल्याचा आनंद झाला. जुन्या घरातली थोरली सून माहेरपणाहून परत यावी तसे वाटले. लॉ रोच हे शिवणारे नव्हेत, तर नामांकित लोकांना काय शोभेल ते निवडून देणारे. त्यामुळे घालणाऱ्याच्या बाजूने बोलणारा एक परीक्षक मिळाला, हेही बरे झाले. सिरियानोंची जीभ तिखट, पण डोळा कसबी. परंतु मधल्या पर्वांत चौदा-चौदा भाग असत, ते आता दहावर आले. वेळ कमी झाला की काहीतरी कापावे लागतेच. आमच्या मते त्यांनी नेमके शिवणघर कापले. भांडणे राहिली, कोण कोणाच्या पाठीमागे काय बोलले ते राहिले, रुसवेफुगवे राहिले. पुतळ्यावर कापड चढते आहे, चुण्या पडत नाहीत, उसवून पुन्हा घातल्या जातात, ती शांत दहा मिनिटे आटली. आम्ही पोशाख पाहत होतो, पण तो कसा झाला हे पुष्कळदा कळत नव्हते. जणू जेवायला बसलो आणि पानात ताट वाढून आले, पण स्वयंपाकघराचे दार लावलेले.

कोणी म्हणेल, लोकांना भांडणच आवडते. खरे आहे, आपल्याकडे सासूसुनांच्या मालिका काय कमी चालतात? पण भांडण कोठेही मिळते. ते नांदेडच्या बसस्थानकावर जागेवरून मिळते, लातुरात पाण्याच्या टँकरपाशी मिळते. त्यासाठी कातर आणि सुई घेतलेली पंधरा गुणी माणसे एका खोलीत आणण्याचे कारण नाही. त्यांना एकत्र आणलेच आहे तर त्यांचे हात दाखवा, एवढेच आमचे म्हणणे.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. जाणकार सांगतात की, मोठे रचनाकार स्वतः शिवत नाहीत. ते आकृती काढतात, कल्पना देतात. शिवणारे वेगळे असतात. तेव्हा स्पर्धेत शिलाई दाखवण्याचा आग्रह हा भाबडेपणा होय. या विचाराची परीक्षाही झाली आहे. हायडी क्लुम आणि टिम गन यांनी २०१८ मध्ये जुने घर सोडले, ते 'मेकिंग द कट' नावाचा नवा कार्यक्रम काढण्यासाठी. ॲमेझॉनने तो २०२० पासून तीन पर्वे दाखवला. बक्षीस दहा लाख डॉलरांचे. त्यात रचनाकार दिवसभर काम करून संध्याकाळी निघून जात, मागे सूचना लिहून ठेवत, आणि रात्री शिवणारी माणसे येऊन त्यांचे काम पुरे करीत. सकाळी रचनाकार येऊन पाहत, तो कपडा तयार!

श्रोतेहो, आम्ही हा कार्यक्रमही पाहिला. त्यातले पोशाख सुरेख होते, परदेशी शहरे सुरेख होती. पण सकाळी तो तयार कपडा दिसला की आम्हांला खिडकीतला कंदील आठवे. रात्री कोण बसले होते? बाही उलटी लागली तर परीक्षकांपुढे सबब म्हणून ज्यांचा उल्लेख होई, आणि बाही सुंदर बसली तर ज्यांना टाळी मिळत नसे, ती माणसे कोण? उद्योगात कामाची वाटणी असते हे आम्ही जाणतो. वाटणीला आमचा विरोध नाही. जो वाटा रात्री पुरा होतो तो जमेस धरला जात नाही, हे आम्हांला डाचते. आईचे म्हणणे तेथे अगदी शब्दशः खरे ठरले. उसवलेले दिसले, शिवलेले दिसले नाही.

आणि कल्पना देणारा व शिवणारा यांच्यात भिंत घालण्याची गरज असते, असेही नाही. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या पाहा. चित्रकलेचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत घेतले, नियतकालिकांसाठी वेशभूषेची चित्रे काढली, मग गुरुदत्त यांच्या 'सी.आय.डी.'पासून पुढे अर्धशतकाहून अधिक काळ चित्रपटांचे कपडे केले. रिचर्ड ॲटनबरो यांच्या 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना जॉन मोलो यांच्यासमवेत ऑस्कर मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. २०२० साली त्या गेल्या. मौज पाहा, जगाने आपल्या माणसाला वेशभूषेचा सर्वोच्च मान दिला तो कशासाठी? ज्या कथेचा नायक पंचा नेसून राहत होता, तिच्या कपड्यांसाठी. झगमगाटासाठी नव्हे. खादी किती प्रकारे पडते, शेतकऱ्याचे धोतर आणि वकिलाचे धोतर यांत काय फरक असतो, हे ज्या डोळ्यांना दिसत होते, त्या डोळ्यांचा तो सत्कार होता.

खादीचे नाव निघाले म्हणून, आपण जेथे बसलो आहोत त्या गावाकडे येतो. परीक्षक, शिवणघर, कडक नियम हे सगळे पाहायला अमेरिकेला जाण्याचे कारण नाही. नांदेड आणि लातूर यांच्या मध्ये एक असा पोशाख तयार होतो की ज्याची परीक्षा कोणत्याही दूरचित्रवाणी परीक्षकापेक्षा कठोर असते. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला खादीचे कापड विणले जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत त्या कापडाचा राष्ट्रध्वज होतो. लांबी-रुंदीचे प्रमाण तीनास दोन. चक्राला आरे चोवीस. रंगाची छटा ठरलेली, सुताचा पोत ठरलेला, टाकाही ठरलेला. येथे रचनाकाराला स्वतःची कल्पना लढवायला तसूभर जागा नाही. सगळी कसोटी हाताची. आमची दोन गावे आयुक्तालयावरून भांडतात, आणि तिकडे उदगीरचा माग व नांदेडची सुई मिळून देशाचा झेंडा शिवतात! ज्या मराठवाड्यात तिरंगा देशाहून तेरा महिने उशिरा, १७ सप्टेंबर १९४८ नंतर मोकळेपणाने फडकला, त्याच मराठवाड्यातले हात आज तो घडवतात, याचा अभिमान या सभेत कोणाला वाटणार नाही?

या वस्त्राच्या नियमांनाही अलीकडे नवा साज चढला. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली. तोवर झेंडा हातसुताचा आणि हातमागाचाच असे. दुरुस्तीनंतर यंत्रावरचे आणि पॉलिस्टरचे कापडही चालू लागले. पुढच्याच वर्षी घरोघर झेंडे लागले. गरिबाच्या दारावरही झेंडा लागला, ही आनंदाची गोष्ट आहे. ती आम्ही नाकारत नाही. पण यंत्रावरचा स्वस्त झेंडा बाजारात आला की हातमागावरच्या झेंड्याला गिऱ्हाईक शोधावे लागते, हे सांगायला अर्थशास्त्र नको. याच नांदेडात एके काळी उस्मानशाही गिरणीचा भोंगा वाजत असे. ती गिरणी आज बंद आहे. गिरणीने मागाचे काम घेतले, पुढे गिरणीही गेली. आपल्या गावाने हा अनुभव एकदा घेतलेला आहे.

म्हणून आम्हांला नव्या साजाची एक साधी कसोटी सापडली आहे, आणि ती आपल्यापुढे ठेवतो. बदल व्हावेत, न बदलणारा कपडा शेवटी पेटीतच राहतो. पण कोणताही बदल झाला, मग तो दूरच्या कार्यक्रमात असो, पैठणीच्या खेळात असो, की झेंड्याच्या नियमात असो, आपण एवढेच विचारावे: या बदलानंतर करणारा हात आधीपेक्षा जास्त दिसू लागला, की झाकला गेला? सर्व मापांच्या मुली आल्या, तेव्हा शिवणाऱ्याचे कसब जास्त दिसले. तो बदल चांगला. भांडणाला जागा करून देण्यासाठी शिवणघर आखडले, तेव्हा हात झाकला गेला. तो बदल, हायडी क्लुम परत आल्या तरी, आम्हांला रुचला नाही. पुढचे पर्व कधी आले तर आम्ही ते पाहणार, पहिल्या भागापासून पाहणार, आणि पुन्हा तक्रारही करणार. चाहत्याचा तो हक्कच आहे.

परंतु ज्यांच्यावर आपली सत्ता नाही त्या अमेरिकी वाहिनीला येथून सल्ला देण्यात काय अर्थ? ज्यावर आपली सत्ता आहे त्यातले दोन शब्द बोलून आम्ही थांबतो. आपल्या घरातली कोणी मुलगी शिवणकाम शिकायचे म्हणाली, तर 'काहीच जमलं नाही म्हणून शिवण' असे तिच्यादेखत म्हणू नका. शिवायला टाकलेला कपडा आणायला जाल, तेव्हा तो उलटा करून आतली शिवण एकदा पाहा, आणि चांगली असेल तर तसे तोंडाने सांगा. आणि मग शिलाईचे पैसे घासाघीस न करता द्या. एवढ्यासाठी कॅमेऱ्याची गरज नाही.

दुसरा शब्द व्याख्यानमालेच्या चालकांना. पुढल्या वसंतात या व्यासपीठावर एक दिवस उदगीरच्या विणकराला किंवा येथल्या ध्वज शिवणाऱ्या भगिनींपैकी एखादीला बोलवावे. त्या म्हणतील, आम्हांला भाषण येत नाही. त्यांना सांगावे की भाषण नको, मशीन घेऊन या. खुर्चीशेजारी ते ठेवू, दिवा नीट लावू, आणि तासभर आपण सगळे मुकाट्याने बसून पाहू. आमची आई आता नाही, असती तर त्या दिवशी तिला पहिल्या रांगेत बसवले असते आणि विचारले असते, "आता दिसतंय का गं, शिवलेलं?"